साडेआठ एसएनएफ

हिंजवडीत मी अकरा वर्षं अमेरिकेतल्या एका विमा कंपनीच्या सॉफ्टवेअरवर काम केलं. ते वापरणारा एकही माणूस मला कधी भेटला नाही. आता मी कोल्हापुरात चौदा जणांच्या कंपनीत आहे. आम्ही गावोगावच्या दूध संस्थांसाठी संकलनाचं सॉफ्टवेअर बनवतो. पगार जवळपास एक तृतीयांशाने कमी झाला. ‘का सोडलंस?’ असं नातेवाईक अजून विचारतात आणि ‘मीही सोडू का?’ असं जुने सहकारी. दोघांसाठी हा लेख.

आधी मोठ्या कंपनीचं गणित. सेवा पुरवणाऱ्या आयटी कंपन्यांची बरीचशी कमाई माणसांच्या वेळेच्या बिलातून होते. प्रोजेक्ट नसलेला माणूस ‘बेंच’वर, म्हणजे कंपनीच्या खर्चाच्या बाजूला. कुणी नोकरी सोडली तरी काम अडू नये म्हणून कामाचे बारीक तुकडे केलेले असतात. माझ्या वाट्याला विम्याचा दावा मंजूर झाल्यावर जाणाऱ्या पत्रांचा तुकडा आला होता. पत्रातली एक ओळ बदलायची तर आधी किती तास लागतील याचा अंदाज, मग कोड, दुसऱ्याकडून तपासणी, टेस्टिंग, वरची मंजुरी आणि महिन्याचा रिलीज. ही शिस्त निरर्थक नव्हती. जिथे लाखो लोकांचे पैसे गुंतलेले असतात, तिथे घाई करून चालत नाही. पण माझं पत्र वाचणाऱ्याला त्यातलं काही समजलं का, हे मला अकरा वर्षांत कुणी सांगितलं नाही.

दूध संस्थेत ते लगेच कळतं. तिथे सकाळ-संध्याकाळ संकलन चालतं. उत्पादक किटली घेऊन रांगेत उभे असतात. दूध काट्यावर जातं, नमुना तपासला जातो. फॅट म्हणजे स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धांश सोडून उरलेले घन घटक. दरपत्रकात या दोन्ही आकड्यांच्या ओळी जिथे मिळतात, तो त्या दुधाचा लिटरचा दर. पावती हातात मिळते आणि दर दहा दिवसांनी बिल.

मी रुजू झाल्याच्या दुसऱ्या महिन्यात एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. “मॅडम, एक आजी पावत्या घिऊन बसल्यात. दर कमी लागलाय म्हणत्यात. मी हातानं हिशोब केला, त्यांचं खरं हाय.”

मी गावात गेले. त्या संस्थेत एसएनएफ लॅक्टोमीटरच्या रीडिंगवरून सूत्राने काढत होते. संगणक आकडे एक आणि शून्य यांत साठवतो, तिथे ०.१ इतका साधा दशांशही नेमका बसत नाही. म्हणून सूत्राचं उत्तर ८.५ यायचं तिथे कधीकधी ८.४९९९९ येई. आमचा प्रोग्रॅम पुढचे आकडे छाटून ८.४ ची ओळ धरी. लिटरमागे तीस पैसे कमी. आजींचं दूध नऊ लिटर; दहा दिवसांत असं सहा वेळा झालं होतं. सोळा रुपये वीस पैसे.

जुन्या कंपनीत ही चूक ‘कमी गंभीर’ असा शिक्का घेऊन यादीत महिनोन्‌महिने पडून राहिली असती. इथे ती घामाच्या पैशांची होती आणि तो पैसा ज्यांचा, त्या समोर बसल्या होत्या. त्या रात्री मी सगळे आकडे पूर्णांकात आणले. साडेआठ म्हणजे ८५, रुपयांऐवजी पैसे. पण लगेच पाठवून दिलं नाही. सहकाऱ्याकडून कोड तपासून घेतला, जुन्या पावत्या पुन्हा चालवून पाहिल्या, मगच सगळ्या संस्थांना दिला. ही सवय हिंजवडीची, आणि तिचे उपकार मी मानते. ज्यांचे पैसे कमी लागले होते, त्यांच्या पुढच्या बिलात फरकाची वेगळी ओळ आली.

आता दुसरी बाजूही ऐका. इथे वेगळी टेस्टिंग टीम नाही. संकलन अडलं तर पहाटे सहाला फोन माझाच वाजतो. परदेशी जाण्याची संधी नाही, बढतीच्या पायऱ्याही नाहीत. म्हणून निर्णय हिशेब मांडूनच करावा. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीसाठी साधारणपणे सलग ५ वर्षं लागतात. चार-सहा महिने उरले असतील तर थांबा. पीएफ काढू नका, खातं तसंच पुढे न्या. २० पेक्षा कमी माणसं असलेल्या कंपनीला पीएफ सहसा बंधनकारक नसतो, तेव्हा नव्या ठिकाणी आधी विचारा. कंपनीचा आरोग्य विमा नोकरीबरोबर संपतो आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी ३ वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. स्वतःचा विमा राजीनाम्याआधी घ्या.

मालकांना तीन प्रश्न जरूर विचारा. गेल्या दोन वर्षांत पगार कधी लांबला का? निम्मं उत्पन्न एकाच ग्राहकाकडून येतं का? मी रजेवर असताना फोन कोण घेणार? यांची सरळ उत्तरं मिळाली नाहीत, तर लहान कंपनी म्हणून तिचं कौतुक करत बसू नका.

आणि राजीनामा लिहिण्याआधी एक दिवस त्या कंपनीच्या ग्राहकाकडे जाऊन बसा. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचे हात पाहा, त्यांच्या तक्रारी ऐका. त्या तक्रारी आपल्याच आहेत असं वाटलं तर खुशाल जा. नुसता जुन्या नोकरीचा कंटाळा आला असेल, तर तेवढ्यासाठी पगार कमी करून घेऊ नका.