दिवाणखान्यातला मिनिएचर गुलाब

चार इंची प्लॅस्टिकची कुंडी, वीतभर झुडूप आणि त्यावर नाण्याएवढी दहा-बारा फुलं. मिनिएचर गुलाबाचं असं रोप टीपॉयवर शोभून दिसतं, म्हणून घरी आल्यावर ते मनीप्लँट आणि स्नेक प्लँटच्या रांगेत जाऊन बसतं. दोन-तीन आठवड्यांत कळ्या न उमलताच गळू लागतात, खालची पानं पिवळी पडतात, आणि ‘आमच्या हाताला गुलाब लागत नाही’ असा निकाल लागतो. हाताचा काही दोष नसतो. मनीप्लँट ही मुळात जंगलातल्या मोठ्या झाडांखाली, सावलीत वाढणारी वेल. गुलाब हे उघड्यावरचं झुडूप. मिनिएचरमध्ये पान लहान झालं, फूल लहान झालं, दोन पेरांमधलं अंतर कमी झालं; उन्हाची गरज मात्र थोरल्या गुलाबाएवढीच राहिली.

गंमत म्हणजे आजच्या मिनिएचर गुलाबांचा इतिहास खिडकीतूनच सुरू होतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वित्झर्लंडमधल्या एका डोंगराळ गावात घरांच्या खिडक्यांतून कुंड्यांमध्ये वाढवलेला एक अगदी खुजा गुलाब रूले नावाच्या लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेला पडला. त्याने ही गोष्ट जिनिव्हाच्या ऑन्री कोरेव्हॉन या वनस्पतिप्रेमी रोपवाटिकाकाराच्या कानावर घातली, आणि रोपाला ‘रोझा रूलेटी’ हे नाव मिळालं. पुढे हॉलंडमध्ये यान द व्हिंक, स्पेनमध्ये पेद्रो दोत आणि अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या राल्फ मूर यांनी त्यावर संकर करून शेकडो जाती काढल्या. मूर तर २००९ साली, वयाच्या १०२व्या वर्षी वारले तोवर याच गुलाबांच्या मागे होते. यातली आपल्या उपयोगाची गोष्ट एवढीच, की तो स्विस गुलाब खिडकीत वाढत होता, खोलीच्या मधोमध नव्हे.

आपल्या डोळ्यांना खोलीतला उजेड पुरेसा वाटतो, कारण डोळे पटकन जुळवून घेतात. मोजमाप वेगळं सांगतं. भर दुपारच्या उघड्या उन्हात प्रकाश सुमारे १,००,००० लक्स असतो. संध्याकाळी दिवे लावलेल्या दिवाणखान्यात तो फार तर दोन-तीनशे लक्स. खिडकीपासून पाच-सहा फूट आत दिवसाही फार बरं चित्र नसतं. गुलाबाला रोज निदान पाच-सहा तास थेट ऊन हवं. म्हणून पहिला प्रश्न ‘कुंडी कुठे छान दिसेल’ हा नाही. ‘घरात ऊन कुठे येतं आणि किती वेळ टिकतं’ हा आहे.

त्याचं उत्तर ऋतूप्रमाणे बदलतं आणि आपल्या अक्षांशावर ते जरा चमत्कारिक आहे. मुंबई-पुण्यात डिसेंबरमध्ये सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत बरंच आत येतं आणि दिवसभर राहतं. मेच्या मध्यावर मात्र सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, आणि तिथून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्य किंचित उत्तरेलाच असतो. वर छज्जा असेल तर या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. ‘गुलाब दक्षिणेच्या खिडकीत ठेवा’ हा परदेशी पुस्तकांतला सल्ला थंड देशांसाठी बारमाही खरा असेल, आपल्याकडे तो थंडीपुरता खरा. वर्षभराचा विचार केला तर पूर्वेची खिडकी सगळ्यात भरवशाची: सकाळचं कोवळं ऊन मिळतं आणि दुपारचा जाळ टळतो. पश्चिमेच्या खिडकीत एप्रिल-मेमध्ये पाकळ्यांच्या कडा करपतात. तिथे दुपारपुरता पातळ पडदा ओढावा. उत्तरेची खिडकी या झाडासाठी सोडूनच द्या.

फ्लॅटमध्ये खिडकीबाहेर काढलेली लोखंडी ग्रिल असेल तर ती मला खोलीपेक्षा केव्हाही चांगली वाटते. वारा खेळतो, ऊन पडतं, आणि फूल घरातूनही दिसतं. माझं स्पष्ट मत असं, की मिनिएचर गुलाबाला ‘घरातलं झाड’ मानायचंच असेल तर दोन कुंड्या ठेवाव्यात. एक फुलावर आली की चार-पाच दिवस दिवाणखान्यात मिरवावी, तेवढ्यात दुसरी ग्रिलमध्ये ऊन खाईल, मग अदलाबदल. पाहुणा म्हणून आत आलेल्या गुलाबाला पाहुण्याइतकंच राहू द्यावं.

ऊन कुठेच येत नसेल तर दिव्यांचा मार्ग आहे, आणि तो चांगला चालतो. जांभळा उजेड टाकणारे महागडे दिवेच हवेत असं नाही. साध्या पांढऱ्या एलईडीच्या २० वॅटच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी लावून, त्याखाली शेंड्यापासून वीतभर अंतरावर कुंड्या ठेवायच्या आणि दिवे रोज १४ तास सुरू ठेवायचे. महिन्याला साधारण १७ युनिट वीज जाते आणि चार-पाच कुंड्यांचं काम होतं. टायमर लावलात तर उत्तम. झाड वाढेल तशा पट्ट्या वर सरकवाव्या लागतात. अंतर दुप्पट झालं तरी चालेल असं समजू नये, उजेड झपाट्याने कमी होतो.

आता नव्या रोपाकडे. पॉलिहाऊसमधून थेट दुकानात आलेल्या कुंडीत पुष्कळदा एकच झाड नसतं. कुंडी भरगच्च दिसावी म्हणून त्यात तीन-चार काड्या एकत्र रुजवलेल्या असतात. खोडं मातीजवळ निरखली की कळतं. शिवाय झुडूप बुटकं राहावं म्हणून वाढ रोखणारी औषधंही अनेकदा दिलेली असतात, त्यांचा असर ओसरला की घरी आलेलं रोप एकदम लांब फांद्या टाकतं. त्यात काही बिघाड नसतो. पहिला बहर संपला की या काड्या अलगद वेगळ्या कराव्यात आणि एकेकीला सहा इंची कुंडी द्यावी. गल्लीतल्या नर्सरीतून काळ्या पिशवीतला गुलाब आणला असेल तर वेगळंच निघतं: मुळांभोवती चिकट लाल मातीचा घट्ट गोळा. हा गोळा कोरडा पडला की दगडासारखा होतो आणि ओला झाला की दिवसचे दिवस ओलाच राहतो. तो बादलीभर पाण्यात बुडवून ठेवावा आणि मऊ झालेली निम्मी-अधिक माती हाताने सोडवावी, मुळं ओरबाडू नयेत. हे काम मात्र उन्हाळ्यात करू नये.

नवं मिश्रण भुसभुशीत हवं. बागेची माती, गांडूळखत आणि कोकोपीट सारख्या प्रमाणात घ्या, त्यात दोन मुठी भरड वाळू किंवा पर्लाइट आणि मूठभर निंबोळी पेंड. कुंडीला भोक हवंच. भोक नसलेल्या देखण्या चिनी मातीच्या भांड्यात गुलाब थेट लावू नये. साधी कुंडी त्या भांड्यात नुसती ठेवावी आणि साचलेलं पाणी ओतून टाकावं.

पाण्याचं वेळापत्रक बांधून चालत नाही. बोट मातीत पेरभर खुपसायचं. कोरडं लागलं तर खालून पाणी निथळेपर्यंत घालायचं, ओलसर लागलं तर थांबायचं. स्नेक प्लँट महिनाभर विसरलात तरी तग धरतो, लहान कुंडीतला गुलाब उन्हाळ्यात एका दिवसात कोमेजतो. दिवाणखान्यात एसी असेल तर आणखी लवकर. पाणी सकाळी आणि मातीवर घालावं. पानांवर रोज फवारा मारण्याची अनेकांना हौस असते. त्याने हवेतला ओलावा काही मिनिटांपुरताच वाढतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं जड पाणी वापरत असाल तर कोवळ्या पानांवर लक्ष ठेवा. शिरा हिरव्या आणि मधली पात पिवळी असं दिसलं, तर माती अल्कधर्मी होऊन झाडाला लोह मिळेनासं झालेलं असतं. कृषी सेवा केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणात द्यावं. खताचं फार अवडंबर नको: वाढ सुरू असताना दर पंधरा दिवसांनी एक लिटर पाण्यात एक ग्रॅम ‘एकोणीस-एकोणीस’ (१९:१९:१९) खत, तेही ओल्या मातीवर.

छाटणीला बहुतेक लोक घाबरतात, आणि खरी गोम तिथेच आहे. बहुतेक रानटी गुलाब वर्षातून एकदाच फुलतात. चिनी गुलाबात, ज्याचं रक्त मिनिएचरमध्ये आहे, फुलण्यावर ब्रेक लावणारा जनुक बिघडलेला आहे. त्यामुळे फुटणाऱ्या प्रत्येक नव्या फांदीच्या टोकाला कळी येते. म्हणजे फुलं हवी असतील तर नवी फूट हवी, आणि नवी फूट हवी असेल तर जुनं कापायला हवं. फूल सुकलं की देठावरून खाली येत पहिलं पाच पानांचं पूर्ण पान शोधायचं आणि त्याच्या बगलेतल्या डोळ्याच्या किंचित वर, डोळा बाहेरच्या बाजूला बघत असेल अशा ठिकाणी, धारदार कात्रीने तिरपा काप घ्यायचा. त्याच डोळ्यातून फांदी निघते आणि हवामान बरं असेल तर पाच-सात आठवड्यांत पुन्हा फुलते. सुकलेलं फूल झाडावर ठेवलं तर झाड फळ धरण्याच्या मागे लागतं. देवपूजेसाठी रोज फुलं तोडणाऱ्या आज्या नकळत हीच छाटणी करत असतात. फक्त त्यांनी नुसतं डोकं न खुडता देठ जरा खालून तोडावा.

मोठी छाटणी वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर ऑक्टोबरमध्ये. झाड निम्म्यावर आणायचं, वाळक्या, काडीसारख्या बारीक आणि आतल्या बाजूला एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या काढून टाकायच्या. थंड देशांत गुलाबाला हिवाळ्यात विश्रांती देतात. आपल्याकडे उलट: थंडी हाच त्याचा खरा हंगाम, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ही फुलं सगळ्यात मोठी आणि टिकाऊ असतात. एप्रिल-मेमध्ये फुलं बारीक येतात, रंग उडतो. तेव्हा खत थांबवून झाडाला नुसतं जगू द्यावं. पावसाळ्यात ग्रिलमधलं झाड आत आणण्यात शहाणपण आहे, कारण काळ्या ठिपक्यांची बुरशी रुजायला पान सलग सात-आठ तास ओलं राहावं लागतं. आतल्या दिव्याखाली ते होत नाही. ठिपक्याची पानं दिसली तर तोडून कचऱ्यात टाकावीत, कुंडीत पडू देऊ नयेत.

बंद घरातला खरा शत्रू लाल कोळी. तो कीटक नाही, आठ पायांचा आहे. म्हणून मावा मारणारी पुष्कळ औषधं त्याच्यावर चालत नाहीत, उलट त्याचे भक्षक मेल्याने तो फोफावतो. पानं वरून फिकट, धूळ बसल्यासारखी दिसू लागली की पान पांढऱ्या कागदावर झटकून बघा. ठिपके चालू लागले तर तोच. कोरडी गरम हवा त्याला फार मानवते आणि उन्हाळ्यात त्याची पिढी आठवड्याभरात तयार होते. उपाय सोपा आहे, पण नेमाने करायचा: माती पिशवीने झाकून झाड आडवं धरा आणि पानांच्या खालच्या बाजूने नळाच्या जोरदार धारेने धुवा, चार-पाच दिवसांच्या अंतराने तीन-चार वेळा. त्यानंतर संध्याकाळी एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण मिसळून फवारा. थंडीत पानांवर पांढरी भुरी दिसली तर ती कोंदट हवेमुळे. कुंड्यांमधलं अंतर वाढवा, खिडकी उघडा. विषारी फवारे बैठकीच्या खोलीत मारू नयेत.

आणि एक खास आपल्या घरांतली गोष्ट. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि गुलाबाच्या कळ्या त्याला फार नाजूक असतात. केळ्यांचा घड, सफरचंदांची टोपली किंवा मे महिन्यातली आंब्याची अढी जवळ असेल, तर सगळं नीट असूनही कळ्या आणि पानं गळतात. खिडकी लहान आणि खोली बंद असेल तर हा त्रास जास्त.

ऑक्टोबरच्या छाटणीत निघालेल्या फांद्या फेकू नका. मिनिएचर गुलाब स्वतःच्या मुळांवर सहज वाढतो, कलम बांधावं लागत नाही. फूल नुकतंच झडलेली पेन्सिलीपेक्षा बारीक काडी घ्या, तीन-चार डोळ्यांची. खालची पानं काढा, वरची दोन ठेवा. ओल्या कोकोपीटमध्ये निम्मी खोचा, वर बूड कापलेली पाण्याची बाटली उपडी ठेवा आणि थेट ऊन लागणार नाही अशा उजेडाच्या जागी कुंडी ठेवा. तीन ते पाच आठवड्यांत मुळं धरतात. काडी हलकेच ओढून पाहावी. अडली तर मुळं आहेत. मग बाटलीचं झाकण काढा, आठवडाभराने बाटली, आणि त्यानंतर कुंडी एकेक तास वाढवत पूर्वेच्या खिडकीत आणा. पहिल्या दोन कळ्या उमलू न देता खुडाव्यात, म्हणजे झाड आधी फांद्या धरेल.