जबड्यातली सिस्ट पुन्हा का होते?

‘सिस्ट परत आली म्हणजे ऑपरेशन नीट झालं नाही.’ असं कधी घडतंही, पण बऱ्याचदा कारण सर्जनच्या हातात नसून सिस्टच्या जातीत असतं.

जबड्यात सर्वांत जास्त आढळणारी सिस्ट मेलेल्या दाताच्या मुळाशी धरते. लहान असली तर अनेकदा नुसत्या रूट कॅनालने विरते. मोठी असली तर काढावी लागते आणि पूर्ण निघाली की सहसा परतत नाही. अडकलेल्या अक्कलदाढेभोवतीची सिस्टही तशी सरळ. डोकेदुखी ठरते ती केराटोसिस्ट. ती नुसती सोलून काढली, तर साधारण चारांतल्या एकाला पुन्हा होते. अभ्यासागणिक हा आकडा कमीजास्त होतो.

तिचं अस्तर जेमतेम पाच ते आठ पेशींच्या थरांचं, कांद्याच्या पापुद्र्यासारखं. काढताना ते फाटतं, आणि हाडाच्या कोपऱ्यात राहिलेला इवलासा तुकडाही पुन्हा वाढू शकतो. शिवाय तिच्या भिंतीत बारीक पिल्लू-सिस्ट दडलेल्या असतात. दात तयार करणाऱ्या ऊतीचे जबड्यात उरलेले अंश नवी सिस्ट धरतात ते वेगळंच. मग दोष कुणाला द्यायचा?

‘सूज नाही, दुखत नाही, मग एक्स-रे कशाला?’ हा गैरसमज सगळ्यांत महागात पडतो. केराटोसिस्ट हाडाच्या आत लांबीच्या दिशेने पसरते, त्यामुळे चेहरा फुगायला फार उशीर लागतो. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या ओपीजीत, म्हणजे पूर्ण जबड्याच्या एक्स-रेत, ती अवचित दिसते. परतायची असेल तर बहुधा पहिल्या पाच वर्षांत परतते, पण दहा वर्षांनंतर परतल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून सुरुवातीला दरवर्षी आणि पुढे अंतर वाढवून, पण अनेक वर्षं एक्स-रे काढावा लागतो.

‘गाठीला चाकू लावला की कॅन्सर होतो’ हे तर घरोघरी ऐकू येतं. केराटोसिस्ट कॅन्सर नाही. तिचं कॅन्सरमध्ये रूपांतर अगदी क्वचित होतं. घबराटीत वैद्यकाचाही वाटा आहे: जागतिक आरोग्य संघटनेने 2005 मध्ये तिला ट्यूमरांच्या यादीत टाकलं आणि 2017 मध्ये पुन्हा सिस्टमध्ये आणलं. मधल्या काळातल्या रिपोर्टवर ‘ट्यूमर’ वाचून किती जणांची झोप उडाली असेल! बायोप्सी मात्र टाळू नये, कारण एक्स-रेत अमेलोब्लास्टोमा हा खराखुरा ट्यूमरही हुबेहूब असाच दिसू शकतो आणि त्याचं ऑपरेशन बरंच मोठं असतं.

मग जबड्याचा तुकडाच कापावा का? तसं केल्यास ती जवळजवळ परतत नाही, पण त्याची किंमत फार मोठी. त्याआधी इतर वाटा आहेत: सिस्टला खिडकी पाडून काही महिने ती आकसू द्यायची आणि मग काढायची, किंवा काढल्यावर हाडाच्या कडा घासून, उरलेल्या पेशी मारणारं कार्नॉयचं द्रावण लावायचं. हे द्रावण नसेला लागलं तर खालचा ओठ बधिर होऊ शकतो, त्याबद्दल आधीच विचारून घ्यावं.

कमी वयात एकापेक्षा जास्त केराटोसिस्ट झाल्या तर गोर्लिन सिंड्रोमची शंका घेतात. तो आनुवंशिक असतो आणि त्यात त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो. निदान पक्कं झालं, तर आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करतात.