कोल्हापूर ते मुंबई : अंतर एक, वेळ वेगळा

कोल्हापूरहून मुंबई किती लांब, असं विचारलं तर तीन उत्तरं मिळतात. महामार्गाने पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. महालक्ष्मी एक्सप्रेसने ५१८, कारण गाडी आधी पूर्वेला मिरजेला जाते आणि मग पुण्याकडे वळते. आणि विमानतळ ते विमानतळ सरळ मोजलं, तर साधारण ३१०. तिन्ही खरी आहेत.

हे ३१० कुठून आलं? कागद घ्या, करून बघा. मुंबईचा विमानतळ आपल्या उजळाईवाडीच्या उत्तरेला २.४३ अंश आहे. अक्षांशाचा एक अंश सुमारे १११ किलोमीटरचा, म्हणजे झाले २७०. पश्चिमेला तो १.४२ अंश आहे. रेखांशाचा अंश आपल्याकडे १०६ किलोमीटर भरतो, म्हणजे १५०. आता शाळेतलं पायथागोरस. ३०९ येतात. पृथ्वी गोल आहे हे मान्य, पण एवढ्या अंतराला तिच्या वक्रतेने फारसा फरक पडत नाही.

आता वेळ. पंख्याचं छोटं विमान ताशी ५०० किलोमीटरने जातं असं धरा. भागाकार केला तर ३७ मिनिटं. वेळापत्रक मात्र तासाभराचं असतं. मधली वीस-बावीस मिनिटं गेली कुठे? एक तर वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून, पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचा. त्यात जमिनीवरचं रांगणं आलं, चढताना-उतरतानाचा कमी वेग आला. शिवाय मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरायची. गर्दी झाली की वर घिरट्या! त्या घिरट्यांचा कोल्हापूरच्या अंतराशी काय संबंध? काहीच नाही.

इथे मला वैशेषिकांची आठवण होते. त्यांनी दिक् आणि काल ही दोन निराळी द्रव्यं मानली. परत्व म्हणजे लांबपणा. तोही दोन तऱ्हांचा. दैशिक परत्व हे स्थळाचं : पाटण्याहून पाहिलं तर काशीपेक्षा प्रयाग लांब. कालिक परत्व हे वयाचं : थोरला आणि धाकटा. गंमत अशी, की प्रवासाला लागणारा वेळ या दोन्ही खणांत बसत नाही. तो जातो 'कर्म' या पदार्थाकडे, म्हणजे गतीकडे. कोण निघालं, कशाने निघालं, वाटेत काय आडवं आलं, हे कळल्याशिवाय त्याचं उत्तर देता येत नाही. आपण मात्र 'मुंबई तासावर आली' असं बेधडक म्हणतो. कुणासाठी आली?

चंदगडचा पक्षकार घ्या. उच्च न्यायालयात तारीख असली की त्याला आधी एसटीने कोल्हापूर गाठायचं, मग रात्रभर रेल्वे, आणि तिथे पुढची तारीख पडली की तसंच परत. विमान सुरू झालं म्हणून हे बदललं नाही. तिकीट परवडायला हवं, आणि विमान सुटतं तेव्हा उजळाईवाडीला पोचायलाही हवं. सहा जिल्ह्यांतले वकील कित्येक वर्षं खंडपीठ मागत होते, ते यासाठी. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचं काम सुरू झालं. विमानतळांमधले ३१० किलोमीटर आहेत तेवढेच आहेत, पण चंदगडचा माणूस सकाळच्या एसटीने येऊन, तारीख करून, रात्री घरी जेवायला जाऊ शकतो.