नाताळांतील प्रीतीचा अर्थ



डिसेंबर महिना लागला कीं मीरा रोड आणि भाईंदर येथील घरांच्या खिडक्यांत कागदी चांदण्या दिसूं लागतात. उत्तन, डोंगरी अशा जुन्या गांवांतून गोठ्याचे देखावे मांडले जातात, आणि करंज्या, नेवऱ्या व केक यांनीं भरलेलीं ताटें शेजारच्या घरीं जातात. ‘नाताळ’ हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेंतून आला. जन्म हा त्याचा मूळ अर्थ. एका बालकाच्या जन्माचा हा सण असल्यामुळें दिवे, गाणीं व गोडधोड हीं त्यांत असावीं हें स्वाभाविकच आहे. परंतु ख्रिस्ती धर्माचें मुख्य चिन्ह कोणतें असें विचारल्यास कोणीही क्रूस हेंच उत्तर देईल. मग जन्माच्या सणाचा आणि क्रूसाचा संबंध काय? ह्या प्रश्नाचा उलगडा झाला म्हणजे नाताळांत ज्या प्रीतीचा उच्चार वारंवार होतो, तिचा अर्थ समजूं लागतो. आजच्या भाषणांत तोच विषय घेण्याचें योजिलें आहे.

प्रथम ख्रिस्ती पंचांग पाहूं. २५ डिसेंबर हा जन्मोत्सवाचा दिवस. पाश्चात्य परंपरेंत त्याच्या दुसऱ्याच दिवशीं, म्हणजे २६ तारखेस, संत स्तेफनाचें स्मरण केलें जातें. स्तेफन हा ख्रिस्ती मंडळीचा पहिला हुतात्मा. यरुशलेमेंतील विधवांना रोजच्या अन्नाचा वांटा बरोबर मिळावा म्हणून जे सात जण नेमले गेले, त्यांत त्याचें नांव पहिलें होतें. पुढें लोकांनीं त्यास दगडांनीं ठेंचून मारिलें; मरतांना त्यानें मारणारांसाठींच क्षमा मागितली. २८ तारखेस बेथलेहेमच्या त्या बालकांचें स्मरण होतें, ज्यांचा हेरोद राजानें वध करविला असें मत्तयाच्या शुभवर्तमानांत सांगितलें आहे. ६ जानेवारीस पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांचा सण येतो. त्यांनीं बालकापुढें सोनें, ऊद आणि गंधरस ठेविला. सोनें राजाला शोभतें, ऊद देवपूजेला लागतो. परंतु गंधरस त्या काळीं प्रेताला लावण्याच्या सुगंधी द्रव्यांत वापरीत असत, आणि येशूच्या दफनाच्या वेळींही तो आणिला गेला असा उल्लेख आहे. म्हणजे गोठ्यांतील आनंदाच्या अगदीं शेजारीं चर्चनें मरणाची आठवण जाणूनबुजून ठेविली आहे. सणाचा उत्साह कमी करावा हा त्यांतील हेतु नव्हे. जन्मलेलें बालक कशासाठीं आलें, हें सणाच्या गडबडींत विसरलें जाऊं नये, एवढाच हेतु आहे.

आतां ‘प्रीति’ ह्या शब्दाकडे वळूं. मराठी बायबलांत हा शब्द विशेष रूढ आहे. नव्या कराराची मूळ भाषा ग्रीक. त्या भाषेंत प्रेमवाचक शब्द अनेक होते; स्त्रीपुरुषांच्या आकर्षणाला एक, मित्रांच्या स्नेहाला दुसरा, घरच्या मायेला तिसरा. ख्रिस्ती लेखकांनीं ‘अगापे’ हा शब्द मुख्यत्वेंकरून उचलला व त्यांत आपला विशेष अर्थ भरला. त्या अर्थाचीं तीन लक्षणें सांगतां येतील. पहिलें असें कीं, ही प्रीति समोरच्याची योग्यता पाहत नाहीं. दुसरें असें कीं, तिच्यासाठीं देणाऱ्याला स्वतःचें कांहीं मोजावें लागतें. तिसरें, आणि माझ्या मतें सर्वांत महत्त्वाचें, असें कीं ती स्वखुशीची असते. तिच्यावर कोणाची सक्ति चालत नाहीं.

ख्रिस्ती श्रद्धेप्रमाणें देवानें मनुष्यजन्म घेतला हाच पहिला त्याग होय. पौलानें फिलिप्पै येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रांत हा विचार मांडला आहे. ज्याची पदवी देवाची, त्यानें ती सोडून दासाचें रूप घेतलें आणि तो क्रूसावरील मरणापर्यंत खालीं उतरला, असा त्याचा आशय आहे. येथें जन्म आणि मरण ह्या दोन निरनिराळ्या गोष्टी राहत नाहींत. उतरण्याच्या एकाच वाटेवरील तीं दोन ठिकाणें आहेत. धर्मशाळेंत जागा नाहीं म्हणून गव्हाणींत निजलेलें मूल हें त्या वाटेचें पहिलें पाऊल.

आपणां मराठी वाचकांस हा विचार अगदींच परका वाटण्याचें कारण नाहीं. अठ्ठेचाळीस दिवसांच्या उपवासानंतर पुढें आलेलें अन्न आणि शेवटचें पाणीही अतिथींस देऊन टाकणारा रंतिदेव भागवतांत आहे. रामेश्वरासाठीं आणिलेलें गंगाजल तहानेनें तळमळणाऱ्या गाढवाच्या मुखीं घालणारे नाथ तर आपल्या घरचेच आहेत. ख्रिस्ती विचारांतील विशेष असा कीं, तेथें हा त्याग प्रथम देवाच्या बाजूनें झाला असें मानितात. मनुष्यानें केलेला त्याग हा त्याला दिलेला प्रतिसाद होय.

शब्दांचा अर्थ नुसत्या व्याख्येनें पटत नाहीं. त्यास उदाहरण लागतें, हें शाळेंत जन्म घालविलेल्या मनुष्यास निराळें सांगावें लागत नाहीं. पहिलें उदाहरण शोधण्यास दूर जाण्याची गरज नाहीं. भाईंदरचा पूल ओलांडून खाडीपलीकडे गेलें कीं वसई लागते. त्या वसईंत १५५६-५७ च्या सुमारास गोन्सालो गार्सिया याचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई येथल्याच कोंकणपट्टींतील. वसई त्या वेळीं पोर्तुगीजांच्या ताब्यांत होती. लहानपणीं तो जेझुइट धर्मगुरूंच्या सहवासांत वाढला, त्यांच्याबरोबर जपानांत गेला आणि तेथली भाषा उत्तम शिकला. पुढें त्यानें व्यापारांत जम बसविला. परंतु तोही सोडून तो फिलिपाइन्समधील मनिला येथें गेला आणि फ्रान्सिस्कन संघांत साधा बंधु म्हणून राहिला. १५९३ सालीं पेद्रो बाउतिस्ता नांवाच्या धर्मगुरूबरोबर तो दुभाषा म्हणून पुन्हां जपानांत आला. क्योटो येथें ह्या मंडळींनीं मठ बांधिला आणि गोरगरिबांसाठीं व कुष्ठरोग्यांसाठीं रुग्णालय चालविलें.

१५९६ सालीं ‘सान फेलिपे’ नांवाचें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागलें. त्या प्रकरणांतून, धर्मप्रसारकांच्या पाठोपाठ परक्यांचें सैन्य येईल, असा संशय राज्यकर्ता हिदेयोशी याच्या मनांत बळावला. ८ डिसेंबर रोजीं मठावर पहारा बसला. त्या वर्षींचा नाताळ ह्या मंडळींस पहाऱ्यांतच करावा लागला. नव्या वर्षाच्या आरंभीं प्रत्येकाच्या डाव्या कानाची पाळी कापून त्यांची धिंड काढण्यांत आली आणि ऐन हिवाळ्यांत क्योटोपासून नागासाकीपर्यंत, सुमारें ८०० किलोमीटर, त्यांस नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं निशिझाका टेंकडीवर त्यांस क्रूसावर चढविलें. गोन्सालो तेव्हां चाळिशीचा होता. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं त्या सर्वांस संतपद दिलें. वसई परिसरांतील गास येथील चर्च आज गोन्सालोच्या नांवानें ओळखलें जातें.

ह्या कथेंतील दोन गोष्टी मुद्दाम सांगण्याजोग्या आहेत. अटकेच्या वेळीं अधिकारी यादींतील नांवें पुकारीत होते. माथियास नांवाचा मठाचा स्वयंपाकी बाहेर गेलेला होता. हांक ऐकून शेजारचा एक मनुष्य पुढें आला. आपलेंही नांव माथियासच आहे आणि आपणही ख्रिस्ती आहों, असें त्यानें सांगितलें. अधिकाऱ्यांना संख्या भरावयाची होती. त्यांनीं त्याला घेतलें. दुसरी गोष्ट अशी कीं, क्योटोहून निघालेले कैदी चोवीस होते आणि नागासाकीस पोंचले ते सव्वीस. वाढलेल्या दोघांपैकीं एकास कैद्यांची सेवा करण्यासाठीं पाठविलें होतें, आणि दुसरा सुतार होता. तो आपण होऊन त्यांच्यामागून चालला होता. वाटेंत पहारेकऱ्यांनीं दोघांनाही पकडून कैद्यांत घातलें. प्रीतीचीं जीं तीन लक्षणें मघां सांगितलीं, त्यांतील तिसरें येथें स्वच्छ दिसतें. त्या शेजाऱ्याला कोणी बोलाविलें नव्हतें.

येथें एक शंका निघेल आणि ती योग्यही आहे. ज्या पोर्तुगीज सत्तेखालीं गोन्सालो जन्मला, तिनें आपल्या किनाऱ्यावर देवळें मोडलीं आणि लोकांवर धर्माच्या नांवानें जुलूम केला; म्हणूनच १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं वसई घेतली तेव्हां महाराष्ट्राला आनंद झाला. मग हीच का ती प्रीति? माझें उत्तर असें आहे कीं, नव्हे. वसईंत क्रूस तरवारीच्या बाजूला उभा होता. नागासाकीस तो निःशस्त्र माणसांच्या वांट्याला आला. चिन्ह एकच असलें तरी एका ठिकाणीं त्याची किंमत दुसऱ्यांकडून वसूल केली गेली आणि दुसऱ्या ठिकाणीं ती वाहणारांनीं स्वतः दिली. ख्रिस्ती प्रीतीची कसोटी लावावयाची ती येथेंच लावावी, आणि ती ख्रिस्ती सत्तांनाही लावावी.

दुसरें उदाहरण पंडिता रमाबाईंचें. १८७४ च्या दुष्काळांत त्यांचे आईबाप उपासमारीनें गेले. त्या वेळीं रमाबाई अवघ्या सोळा वर्षांच्या होत्या. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या मनावर वादापेक्षां एका दृश्याचा परिणाम अधिक झाला, असें त्यांच्या स्वतःच्या लेखनावरून दिसतें. लंडनमधील फुलहॅम येथें ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ म्हणून समाजानें टाकलेल्या स्त्रियांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांजवळ जाणें हें पुण्य असूं शकतें, ही गोष्ट त्यांस नवीन होती.

ह्या उदाहरणाचें मोल आपल्या समाजाच्या संदर्भांत ध्यानांत येतें. त्या काळच्या उच्चवर्णीय विधवेचें जिणें म्हणजे त्यागच होता. केस गेले, रंग गेले, पोटभर जेवण गेलें, सणांतील स्थान गेलें. परंतु त्यांतलें तिनें काय दिलें होतें? तिच्याकडून तें काढून घेण्यांत आलें होतें आणि वर त्याला व्रताचें नांव दिलेलें होतें. रमाबाईंनीं ह्या लादलेल्या त्यागाला विरोध केला. १८८९ सालीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें, तें विधवांना शिकवून त्यांचें आयुष्य त्यांना परत देण्यासाठीं. आणि त्याच रमाबाईंनीं आपलें स्वतःचें आयुष्य मात्र दोन्ही हातांनीं देऊन टाकलें. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्या मध्यप्रांतांत गेल्या आणि उपाशी मुलींना व तरुण विधवांना घेऊन आल्या. त्यांच्यासाठीं पुण्याजवळ केडगांव येथें ‘मुक्ति’ ही संस्था उभी राहिली. १८९९-१९०० च्या दुष्काळांत आणखी शेंकडों आल्या. फुलहॅम येथें पाहिलेलें काम त्यांनीं केडगांवीं ‘कृपासदन’ म्हणून सुरू केलें. १९२१ सालीं त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा निवर्तली. बायबलाच्या मराठी भाषांतराचें काम चालूच होतें. तें पुरें होत आलें आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईही गेल्या. मुक्ति मिशनचें कार्य केडगांवांत आजही चालूं आहे.

ह्यांतून एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ‘त्याग कर’ असें दुसऱ्यास सांगणें फार सोपें आहे. घराघरांत तें सांगितलें जातें. बहुधा सुनेला, धाकट्याला किंवा कामाला येणाऱ्या बाईला. नाताळांतील त्यागाची शिकवण अशा उपदेशाला आधार म्हणून वापरणें हा तिचा विपर्यास होय. ही शिकवण ज्याच्या हातांत कांहीं आहे त्याच्यासाठीं आहे. ज्याच्या हातांतून सर्व काढून घेतलें आहे, त्याला आणखी सोडावयास सांगणें ही प्रीति नव्हे. अशाच्या बाजूला येऊन उभें राहणें ही प्रीति.

मीठागरांच्या आणि भातशेतांच्या ह्या भूमीवर आतां उंच इमारती उभ्या आहेत. १९८५ सालीं नगरपरिषद आणि २००२ सालीं महानगरपालिका झालेल्या ह्या शहरांत एकाच जिन्यावर राहणारीं कुटुंबें एकमेकांचीं नांवें पुष्कळदां दारावरील पाट्यांवरून ओळखतात. त्यांच्यांत नाताळच्या दिवसांत फराळाचें ताट एका घरांतून दुसऱ्या घरांत जातें, ही चांगलीच रीत आहे, ती टिकावी. मात्र ताट देण्यास फारसें कांहीं मोजावें लागत नाहीं. त्याच जिन्यावर कोणी वृद्ध एकटा आजारी असेल, कोणाची नोकरी गेलेली असेल, कोणाशीं इतरांनीं बोलणें टाकलें असेल, तर तेथें जाण्यास वेळ मोजावा लागतो, आणि कधीं कधीं चार लोकांतील प्रतिष्ठाही. ह्या सणाचा खरा खर्च तो आहे, आणि तो करण्यास ख्रिस्तीच असलें पाहिजे असें नाहीं. क्योटोच्या मठाशेजारच्या त्या मनुष्याविषयीं इतिहासांत फारशी माहिती नाहीं. हांक दुसऱ्यासाठीं होती आणि त्यानें ओ दिली, इतकेंच त्याच्याविषयीं सांगतां येतें.