छायाचित्राचा धनी

हिवाळा सुरू झाला की विदर्भातील तलावांवर दूरदेशीचे पाहुणे उतरू लागतात. पट्टकादंब हा त्यांपैकीच एक. पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे मिरवणारा हा हंस तिबेट, लडाख यांसारख्या उंच प्रदेशांत अंडी घालतो आणि थंडी पडू लागताच हिमालय ओलांडून आपल्याकडे येतो. नागपूरच्या एका शाळेत पक्षिमंडळ आहे, मंडळातील मुले रविवारी भल्या पहाटे शहराबाहेरच्या एका तलावावर गेली आहेत आणि पलीकडच्या काठाशी त्यांना पट्टकादंबांचा थवा दिसला आहे, अशी आपण कल्पना करू. मग त्यांच्या आनंदाला काय विचारता! मंडळ दर तीन महिन्यांनी चार पानांचे छापील वार्तापत्र काढत असे. या खेपेस मुखपृष्ठावर कोण झळकणार, हे तलावाच्या काठीच ठरून गेले.

घरी येऊन पाहतात तो काय, त्यांच्या छायाचित्रात पाणी होते, आकाश होते आणि मधोमध तिळाएवढे आठ-दहा ठिपके होते. मुले हिरमुसली. इतक्यात एकाने संगणकापुढे बसून इंटरनेटवर पट्टकादंबाचे नाव घातले. क्षणार्धात शेकडो छायाचित्रे पुढ्यात उभी राहिली. त्यांतल्या एकात तर पक्ष्याचे पीस न् पीस मोजून घ्यावे! मुलांनी ते चित्र उतरवून घेतले आणि मजकुरासह बर्डीवरच्या एका छापखान्यात नेऊन दिले.

छापखान्याच्या मालकांनी चित्र पाहिले आणि मान हलवली. “मुलांनो, हे मुखपृष्ठावर छापता येणार नाही,” ते म्हणाले.

मुलांना नवल वाटले. पडद्यावर तर ते आरशासारखे स्वच्छ दिसत होते! पण पडदा आणि कागद यांचा हिशेब निराळा आहे. पडद्यावरचे चित्र पिक्सेल नावाच्या सूक्ष्म चौकोनी कणांचे बनलेले असते. कागदावर चित्र रेखीव उमटायचे तर एका इंचात असे सुमारे ३०० कण असावे लागतात. मुलांनी आणलेले चित्र अवघे ६०० कण रुंद होते. ६०० ला ३०० ने भागा. किती आले? दोन इंच! म्हणजे ते चित्र आगपेटीएवढेच छापणे योग्य. मुखपृष्ठ आठ इंच रुंद असेल, तर २४०० कण हवेत. तेवढे नसताना चित्र ताणले, की एकेक कण चौपट रुंद होतो आणि पक्ष्याची मान पायऱ्या-पायऱ्यांची दिसू लागते. रंगांचीही गोष्ट अशीच. पडदा लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाने रंगतो. छापखान्यात मात्र निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. म्हणून पडद्यावरचे झगझगीत पाणी कागदावर थोडे मलूल होते.

वर्तमानपत्रातील एखादे चित्र भिंगाखाली धरून पाहा. ते निव्वळ ठिपक्यांचे असते. छायाचित्रांचे असे ठसे करण्याची विद्या दादासाहेब फाळके यांनी आत्मसात केली होती. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांपुढे आणण्यापूर्वी ते मुद्रणाच्याच व्यवसायात होते, आणि राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले होते.

या छापखान्याचे नाव पुढे पुन्हा येणार आहे. कारण आपल्या मुलांना मालकांनी दुसरा प्रश्न विचारला, आणि तो पहिल्याहून अवघड होता. “हे चित्र कोणाचे आहे?”

“इंटरनेटवरचे,” मुले म्हणाली.

हे उत्तर म्हणजे “पुस्तक कोणाचे?” असे विचारल्यावर “कपाटातले” असे सांगण्यासारखे झाले. इंटरनेटवर शोध घेणारी यंत्रणा चित्र कोठे आहे एवढेच दाखवते. चित्राची मालकी तिच्याकडे नसते. कोणीतरी थंडीवाऱ्यात तासन् तास बसून ते छायाचित्र घेतलेले असते. त्या व्यक्तीने ते सर्वांना पाहण्यासाठी ठेवले, याचा अर्थ सर्वांना छापण्यासाठी दिले असा होत नाही.

चित्र पाहणे, चित्र जवळ असणे आणि चित्राच्या प्रती काढणे, या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे नेण्यात आला. मूळ तैलचित्रे बडोद्याच्या राजवाड्यासारख्या ठिकाणी लागत. पण छापील प्रती मात्र सामान्य माणसाच्या देवघरापर्यंत पोहोचल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी रविवर्म्यांनी हा छापखाना फ्रिट्झ श्लायखर या जर्मन गृहस्थांना विकला, तेव्हा यंत्रांबरोबर आपल्या कित्येक चित्रांच्या प्रती काढण्याचा हक्कही त्यांना दिला. चित्र एकाच्या भिंतीवर आणि प्रती काढण्याचा हक्क दुसऱ्याच्या हाती, असे होऊ शकते ते यामुळेच.

या हक्काला प्रताधिकार किंवा कॉपीराइट म्हणतात. त्यासंबंधीचा आपल्या देशाचा कायदा १९५७ सालचा असून तो २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. त्यानुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती हीच त्याची कर्ती होय. पैसे देऊन काढवून घेतलेली किंवा नोकरीत असताना काढलेली छायाचित्रे यांना थोडे वेगळे नियम आहेत. पण एरवी हक्क त्या कर्त्याचाच. त्यासाठी कोठे नोंद करावी लागत नाही, की चित्रावर एखादी खूण उमटवावी लागत नाही. २०१२ साली कायद्यात सुधारणा झाली. तेव्हापासून छायाचित्रावरील हा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. येथे वयाचीही अट नाही बरे का! बारा वर्षांच्या मुलीने फुटाळ्याच्या काठी सूर्यास्त टिपला, तर त्या छायाचित्राची धनीण तीच.

“पण आम्ही अंक विकत नाही, फुकट वाटतो,” असे एक मुलगा म्हणाला. अशी शंका मोठ्यांनाही येते. प्रती विकल्या काय किंवा वाटल्या काय, त्या काढल्या हे खरेच. वर्गात शिकताना वा शिकवताना विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने चित्राची नक्कल केली, तर कायद्याने तेवढी मोकळीक दिली आहे. छापून गावभर वाटलेला अंक त्या मोकळिकीत बसेल असे धरून चालता येत नाही. “खाली त्यांचे नाव छापू,” असे दुसऱ्या मुलीने सुचवले. नाव तर दिलेच पाहिजे. ते मिळणे हाही कर्त्याचा एक स्वतंत्र हक्क आहे. परंतु नाव देणे म्हणजे परवानगी घेणे नव्हे.

मग मार्ग कोणता? सर्वांत सरळ मार्ग म्हणजे विचारणे. आम्ही कोण, अंक कशाचा, प्रती किती, चित्र कोणत्या पानावर व केवढे छापणार आणि नाव कसे देणार, एवढे चार ओळींत लिहावे. उत्तर येईपर्यंत थांबावे. मौनाला होकार समजू नये. मुलांच्या पत्राला बहुतेक छायाचित्रकार आनंदाने उत्तर देतात, असे मला वाटते. आणि छपाईजोगे मोठे चित्रही त्यांच्याचजवळ असते.

दुसरा मार्ग असा. काही छायाचित्रकार आपली चित्रे आधीच मोकळी करून ठेवतात. २००१ साली अमेरिकेत क्रिएटिव्ह कॉमन्स ही संस्था स्थापन झाली. तिने असे तयार परवाने लिहून दिले आहेत. कोणी म्हणतो, माझे नाव द्या आणि खुशाल वापरा. कोणी धंद्यासाठी वापरण्यास मनाई करतो. कोणी चित्रात फेरफार नको म्हणतो. विकिमीडिया कॉमन्स या २००४ साली सुरू झालेल्या संग्रहात अशी असंख्य चित्रे असून प्रत्येकाखाली त्याचा परवाना लिहिलेला असतो. तो वाचल्यावाचून चित्र उचलू नये. कागदावर बोट टेकवून दुवा उघडत नाही, हेही ध्यानात धरावे. म्हणून छापील अंकात कर्त्याचे नाव, परवान्याचे नाव आणि चित्राचा पत्ता अक्षरांत लिहावा लागतो.

तिसरा मार्ग तर आपल्याच हाती आहे, आपण स्वतः छायाचित्र घेणे. झिरो माइलचा स्तंभ आणि त्याजवळचे घोडे यांसारख्या, सार्वजनिक जागी कायमच्या उभ्या असलेल्या वास्तूंची व शिल्पांची छायाचित्रे घेण्यास आपल्या कायद्याची आडकाठी नाही. दुसऱ्याने घेतलेले त्याच घोड्यांचे छायाचित्र मात्र त्याचेच!

आपल्या मुलांनी पत्र लिहिले. चौथ्या दिवशी उत्तर आले. परवानगी होती, सोबत मोठे चित्र होते आणि शेवटी एक ओळ होती, ‘हे छायाचित्र मी जून महिन्यात लडाखमध्ये घेतले आहे.’ ती ओळ वाचून मुले एकमेकांकडे पाहू लागली. ‘आम्ही पाहिलेला पट्टकादंब’ असे मोठ्या अक्षरांत त्या चित्राखाली छापायचे त्यांनी ठरवले होते. पण वार्तापत्र म्हणजे पक्ष्यांची नोंदवही. कोणता पक्षी, कोठे व केव्हा दिसला, हे पुढे कोणी त्यात शोधू लागला, तर हे चित्र त्याला फसवणार होते. नागपूरच्या थंडीत दिसलेल्या थव्याला लडाखच्या उन्हाळ्यातील चेहरा मिळाला असता, आणि परवानगी असूनही ती नोंद खोटी ठरली असती.

तेव्हा मुखपृष्ठावर मुलांचे स्वतःचे छायाचित्र आले: पाणी, आकाश आणि आठ-दहा ठिपके. ठिपक्यांकडे एक लहानसा बाण काढून खाली तलावाचे नाव, तारीख व वेळ लिहिली होती. तिसऱ्या पानावर लडाखचा हंस ऐटीत उभा राहिला. त्याच्याखाली छायाचित्रकाराचे नाव, स्थळ, महिना आणि ‘परवानगीने’ हा शब्द होता. अंक तयार होताच मुलांनी गठ्ठ्यातील वरच्या दोन प्रती काढल्या, पाकिटात घातल्या आणि पत्ता लिहून टपालपेटीत टाकल्या.