वाळवंटातला जिवंत पोपडा

पावसाची सर येऊन गेल्यावर कडक ऊन पडले, की शेतजमिनीवर पोपडा धरतो आणि शेतकरी कोळपे घालून तो मोडतो, हे तुम्ही पाहिले असेल. तो पोपडा निर्जीव मातीचा असतो. मोडला तर पिकाचा फायदाच होतो. परंतु अमेरिकेतील युटा राज्याच्या वाळवंटी भागात दुसऱ्याच जातीचा पोपडा आढळतो. काळसर, खडबडीत, करपलेल्या भाकरीसारखा. त्याच्यावर पाय देऊ नका, अशा सूचना तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवाशांना देतात. असे का बरे?

कारण हा पोपडा जिवंत आहे! सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर त्यात नील-हरित जीवाणूंचे धागे दिसतात. मायक्रोकोलियस हा त्यांतला प्रमुख. जमीन ओली झाली की हे धागे आपल्या चिकट वेष्टनातून सरपटत बाहेर येतात. जमीन वाळते तेव्हा वेष्टन तिथेच राहते आणि वाळूचे कण त्याला चिकटून बसतात. गोधडीला टाके घालावेत तशी वाळू शिवली जाते म्हणा ना. पुढे त्यावर मॉस उगवते आणि मसाल्यातल्या दगडफुलाचे भाऊबंदही येतात. यांतले काही जीव हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात. वर्षाकाठी जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटर पाऊस पडणाऱ्या मुलखात हे मोठेच दान होय.

आता अडचण पाहा. युटातील सुमारे ६३ टक्के जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. गुरे कुठे चारू द्यायची, मोटारींना वाट कुठून द्यायची, हे अधिकाऱ्यांना ठरवावे लागते. पण चुकीच्या परवानगीचा पुरता परिणाम दिसायला वीस-तीस वर्षे लागतात. तोवर तो अधिकारी बदलून गेलेला असतो! म्हणून एकाच जमिनीचे वर्षानुवर्षे मोजमाप करणारा माणूस लागतो. मोआब या लहानशा गावी राहून डॉ. जेन बेलनॅप यांनी हे काम काही दशके केले. आधी राष्ट्रीय उद्यान सेवेत आणि नंतर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेत.

डेल जिलेट यांच्यासह त्यांनी तळ नसलेला, कुठेही नेता येईल असा वातबोगदा जमिनीवर ठेवून त्यातून वारा सोडला. अखंड पोपडा जोरदार वाऱ्यालाही दाद देईना. तुडवलेल्या जमिनीतून मात्र साध्या वाऱ्यानेही कण उडू लागले. कॅन्यनलँड्स उद्यानात कड्यांनी वेढलेले, गुरे कधीच न पोचलेले एक कुरण आहे. त्याच्याशी तुलना केल्यावर दिसले, की चराई बंद होऊन तीस वर्षे लोटली तरी शेजारच्या जमिनीतली बारीक माती भरून आलेली नाही.

ही माती जाते कुठे? बरीचशी डोंगरांवरच्या बर्फावर जाऊन बसते. काळवंडलेला बर्फ ऊन अधिक शोषतो व लवकर वितळतो. मग झाडेझुडपेही लवकर पाणी ओढू लागतात. २०१० साली बेलनॅप व त्यांच्या सहकाऱ्यांनी गणित मांडून दाखवले, की या धुळीमुळे कोलोरॅडो नदीचे सुमारे ५ टक्के पाणी घटते. आणि त्या नदीवर सुमारे चार कोटी लोक अवलंबून आहेत.

मग चराईच बंद करा, असे म्हणणे सोपे; पण पशुपालकांचे पोट त्यावर आहे, आणि अखेरचा निर्णयही शास्त्रज्ञाचा नसतो. त्याने फक्त कशाची काय किंमत पडेल ते सांगायचे. सरकारी जमीन व्यवस्थापन विभागासाठी २००१ साली जी पुस्तिका निघाली, तिच्या लेखकांत बेलनॅप होत्या. कोरडा पोपडा ठिसूळ असतो, ओलसर असताना तो तितका चुरडत नाही. तेव्हा वालुकामय जमिनीवर गुरे सोडायचीच तर थंडीच्या ओलसर दिवसांत सोडावीत, असे त्यातून निघते. पाऊलवाटा खडकांवरून किंवा कोरड्या ओढ्यांतून नेता येतात.

पण प्रत्येक ठिकाणी वातबोगदा कोण नेणार? त्यासाठी जमीन पाहणारे कर्मचारी एक साधी परीक्षा करतात. तीच थोड्या फरकाने तुम्हालाही करता येईल. वाटाण्याएवढी दोन सुकी ढेकळे घ्या, एक पायवाटेवरचे आणि एक गवताखालचे. चहाच्या दोन गाळण्यांत ठेवून ती पाण्यात बुडवा. ५ मिनिटांनी गाळणी ५ वेळा वरखाली करा. कोणते ढेकूळ किती उरले, ते वहीत टिपून ठेवा आणि पाऊस संपल्यावर त्याच जागची ढेकळे पुन्हा तपासा.