धाप ओसरताना चुकणारे ठोके

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात सायनस गाठ असते. तिच्यातून सुटणाऱ्या विद्युत संदेशावर हृदयाचे ठोके पडतात. तो संदेश पोचण्याआधीच खालच्या कप्प्यातल्या काही पेशी आपणहून उद्दीपित झाल्या, तर मध्येच एक जादा ठोका पडतो. मग क्षणभर थांबून पुढचा ठोका जोरात येतो आणि छातीत काहीतरी चुकल्यासारखे वाटते. निरोगी माणसातही असे अधूनमधून होते. पुष्कळदा चालू लागताच ते थांबते. श्रमाबरोबर जे वाढतात, त्या ठोक्यांकडे मात्र नीट पाहावे लागते.

पॅरिसमध्ये हृदयविकार नसलेल्या ६,१०१ मध्यमवयीन पुरुषांची व्यायामचाचणी घेऊन त्यांच्यावर २३ वर्षे लक्ष ठेवले गेले. २००० साली निष्कर्ष आला : श्रम करताना ज्यांचे जादा ठोके वारंवार पडत, त्यांच्यात हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे अडीच पट होता. अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकने २००३ मध्ये २९,२४४ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा अधिक अनपेक्षित गोष्ट दिसली. धावतानाच्या ठोक्यांपेक्षा थांबल्यानंतरचे ठोके धोक्याची खूण म्हणून जास्त भरवशाचे ठरले. विसाव्याच्या मिनिटांत ज्यांना ते वारंवार आले, त्यांच्यापैकी ११ टक्के पाच वर्षांत दगावले; इतरांत हे प्रमाण ५ टक्के होते.

याचा संभाव्य खुलासा मज्जासंस्थेत आहे. श्रमात ॲड्रेनलिन वाढते आणि हृदयाच्या पेशी सहज उद्दीपित होतात. थांबल्यावर व्हेगस मज्जातंतूने लगाम पुन्हा हाती घ्यायचा असतो. तो दुबळा असला तर गती सावकाश उतरते आणि जादा ठोके रेंगाळतात. म्हणूनच ट्रेडमिलचा पट्टा थांबताच ईसीजीच्या वायरी काढण्याची घाई करू नये. पुढची काही मिनिटे चाचणीचाच भाग आहेत.

जादा ठोके म्हणजे व्यायामबंदी नव्हे. आधी कारण शोधतात : अरुंद झालेल्या धमन्या, स्नायूवरचा जुना व्रण, जाड झालेली भिंत. इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आणि त्रास काही नाही, अशा बहुतेकांना चालणे-धावणे हितकारकच असते.

खेळताना किंवा पोहताना शुद्ध हरपणाऱ्या मुलाची गोष्ट अगदी निराळी. सीपीव्हीटी या दुर्मिळ आनुवंशिक विकारात विश्रांतीतला ईसीजी आणि इको दोन्ही निर्दोष येतात. बहुतेकदा दोष आरवायआर२ जनुकात असतो. त्यामुळे ॲड्रेनलिन वाढताच पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम गळते आणि ठोके बेताल होतात. हा विकार बहुतेकदा व्यायामचाचणीत उघड होतो. त्यावर नाडोलोलसारखे बीटा ब्लॉकर देतात, गरजेप्रमाणे फ्लेकेनाइडची जोड देतात, जोरकस खेळ थांबवतात आणि आईवडील व भावंडांचीही तपासणी करतात.